भाला पडतो तिथं बसा : अ‍ॅथलेटिक्सची मोठी स्पर्धा मैदानात बसून पाहायची असेल तर

८ सप्टेंबर २०२२ला नीरज चोप्रानं झुरिकमध्ये ८८.४४ मीटर भाला फेकून डायमंड लीग या जागतिक स्पर्धामालिकेची अंतिम स्पर्धा जिंकली, तेव्हा मी त्याच मैदानात होतो. आणि ती फेक मी पाहिलेली नाही. पहिली फेक फाउल गेली, मी म्हटलं अजून पाच आहेत, तोवर काहीतरी खाऊन घेऊ. ब्राटवुर्स्टच्या रांगेत माझ्यापुढं दोन माणसं उरली होती आणि आतून गलका उठला. परत आलो तर शेजारचे स्विस आजोबा माझ्या टी-शर्टावरचा तिरंगा बघून हसत होते आणि बोटानं फळा दाखवत होते. तसं पाहिलं तर जागेवर असतो तरी फार काही दिसलं नसतं. माझं तिकीट शंभर मीटरच्या अंतिम रेषेसमोरचं होतं, अगदी खालच्या रांगेतलं, सगळ्यात महागातलं. तिथून भाला हातातून सुटताना दिसायचा आणि मग थेट फळ्यावरचा आकडा. मधलं सगळं कॅमेरेवाल्यांच्या पाठीमागं.

क्रिकेटमध्ये चेंडू एकच असतो, त्यामुळं कुठं बघायचं हा प्रश्नच येत नाही. इथं एका टोकाला उंच उडी, दुसरीकडं भाला, बाजूच्या खड्ड्यात तिहेरी उडी आणि सभोवार पंधराशेची शर्यत, सगळं एका वेळी चालू असतं. टीव्हीवर कुणीतरी आपल्यासाठी निवड करून दाखवतो. मैदानात ती आपली आपण करायची, आणि तीही जमली तर तिकीट काढायच्या दिवशीच.

तीन वर्षांनी, २०२५ला, मामा माझ्याकडं आले होते, तेव्हा त्यांना झुरिकच्या याच स्पर्धेला नेलं. मामा म्हणजे माण तालुक्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. शिट्टी गेली, पण स्टॉपवॉच अजून खिशात असतं. "पळणं बघायला एवढे पैसे? आमच्याकडं पोरं रोज फुकट पळतात," असं म्हणत आले आणि निघताना वहीची चार पानं भरून आकडे घेऊन गेले. त्या वेळी मी जागा नीट निवडली होती. खाली जे लिहिलंय ते या दोन संध्याकाळींच्या फरकावरून.

कुठली स्पर्धा निवडायची

ढोबळमानानं दोन जाती. एक अजिंक्यपद स्पर्धा : जागतिक, आशियाई वगैरे. त्या अनेक दिवस चालतात. टोकियोची २०२५ची जागतिक स्पर्धा १३ ते २१ सप्टेंबर अशी नऊ दिवसांची होती. त्यात सकाळच्या सत्रात प्राथमिक फेऱ्या, पात्रता फेऱ्या असतात. खेळाडू पूर्ण जोर लावत नाहीत, पुढच्या फेरीत जाण्यापुरतं पळतात आणि शेवटच्या वीस मीटरमध्ये आजूबाजूला बघत सैल सोडतात. जाणकाराला त्यातही मजा असते, नवख्याला कंटाळा येतो. पुण्यात बालेवाडीला २०१३ साली आशियाई अजिंक्यपद झालं होतं, तेव्हा विकास गौडानं ६४.९० मीटर थाळी फेकून सुवर्ण घेतलं. तेव्हा गेलेले कितीतरी जण सांगतील की त्यांनी नेमकं चुकीचं सत्र निवडलं.

दुसरी जात एका संध्याकाळच्या स्पर्धांची. डायमंड लीग यातली सगळ्यात मोठी. २०१० साली सुरू झाली, साधारण मे ते सप्टेंबर अशी वेगवेगळ्या शहरांत फिरते. इथं जवळपास प्रत्येक प्रकार थेट अंतिम असतो आणि मुख्य कार्यक्रम दोन-अडीच तासांत आटोपतो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं डोळे झाकून हीच निवडावी. हातोडाफेक, चालण्याची शर्यत आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची स्पर्धा) मात्र यात नसतात, त्यांची आवड असेल तर अजिंक्यपदच.

भारतातून सगळ्यात सोयीची डायमंड लीग दोह्याची. आखातात आपली माणसं भरपूर आहेत, कुणीतरी नातेवाईक निघतोच. नीरजनं पहिल्यांदा नव्वदी ओलांडली ती तिथंच, १६ मे २०२५ला, ९०.२३ मीटर. तरी त्या दिवशी जिंकला जर्मनीचा युलियन वेबर, ९१.०६नं. देशातच बघायचं असेल तर बंगळुरूचं श्री कांतीरवा मैदान किंवा भुवनेश्वरचं कलिंगा. २०२५च्या जुलैत कांतीरवावर नीरजच्या नावाची भालाफेकीची स्पर्धा झाली आणि ऑगस्टमध्ये कलिंगावर जागतिक कॉन्टिनेंटल टूरची, म्हणजे डायमंड लीगच्या खालच्या पातळीच्या मालिकेतली. मी इथं झुरिकचं उदाहरण घेऊन लिहितोय, कारण ते मला रस्त्याच्या वळणांसकट माहीत आहे. बाकीचं कुठल्याही मैदानाला लागू पडेल.

एक सूचना. एकाच खेळाडूच्या नावावर तिकीट काढू नका. २०२५च्या जुलैत मोनॅकोत आपला बीडचा अविनाश साबळे स्टीपलचेस या अडथळ्यांच्या लांब शर्यतीत पाण्याच्या उडीपाशी पडला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि मोसमच संपला. खेळाडूंची पक्की यादी शेवटच्या काही दिवसांतच कळते. प्रकार आवडतो म्हणून जा. आवडता खेळाडू आला तर तो नफा.

जागा : इथंच सगळं ठरतं

मैदानाचा नकाशा समोर घ्या. लांबट अंडाकृती, आतल्या कडेनं ४०० मीटर. दोन सरळ बाजू, दोन वळणं. अंतिम रेषा कायम एकाच ठिकाणी : मुख्य सरळ बाजूच्या शेवटाला. सगळ्या शर्यती तिथंच संपतात, म्हणून तिथली तिकिटं सगळ्यात महाग. सुरू मात्र वेगवेगळ्या ठिकाणी होतात. १०० मीटर आणि अडथळ्यांची छोटी शर्यत मुख्य सरळ बाजूवरच सुरू होते आणि तिथंच संपते. २०० मीटर समोरची बाजू संपते तिथून. १५०० मीटर समोरची बाजू सुरू होते तिथून. ५००० मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या, त्यामुळं तीही २०० जिथून सुटते तिथूनच.

आता विचार असा करायचा : १०० मीटर शर्यत दहा सेकंदांची. भालाफेक तास-सव्वा तास चालते. महागाची जागा त्या दहा सेकंदांसाठी घ्यायची की तासाभरासाठी? मला उत्तर मिळायला एक हुकलेली फेक लागली.

तिकिटाच्या पानावर बहुतेक वेळा फक्त विभागांचे रंग असतात. मैदानी प्रकार, म्हणजे उड्या आणि फेकी, कुठं होणार हे वेगळ्या नकाशात असतं किंवा आयोजकांना मेल करून विचारावं लागतं. विचारा, उत्तर देतात. भाला कुठल्या टोकाकडून फेकणार, लांब उडीचा खड्डा कुठल्या बाजूला, उंच उडीची गादी कुठल्या वळणाच्या पोटात, ही माहिती हातात आली की मग विभाग ठरवा. भाल्यासाठी फेकणाऱ्याच्या मागं बसू नका. लांब बाजूला, साधारण ८० ते ९० मीटरची रेषा जिथं येते त्या सरळीत बसा. तिथून भाला आपल्याकडं येताना दिसतो, त्याचं टोक खाली वळतं तो क्षण दिसतो आणि तो गवतात रुततो तेव्हा शेपटी थरथरते तेही दिसतं. टीव्हीवर यातलं शेवटचं कधीच दिसत नाही.

उंचीचं म्हणाल तर खालच्या पाच-सहा रांगा टाळा. धावणारे जवळून दिसतात खरे, पण आतली हिरवळ सपाट पट्टीसारखी होते आणि मधे पंच, कॅमेरे, जाहिरातीच्या पाट्या. वरचा एक तृतीयांश भाग उत्तम. तिथून लेन उघडलेल्या पंख्यासारख्या दिसतात, शर्यतीत कोण कुणाला कधी गाठतंय ते कळतं. याला झुरिकमध्ये एक अपवाद आहे, त्याबद्दल पुढं.

समोरच्या बाजूची तिकिटं स्वस्त असतात आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी ती मुळीच दुय्यम नाहीत. शेवटच्या फेरीतला निर्णायक हल्ला बहुधा तिथंच होतो, तीनशे मीटर उरले असताना. अंतिम रेषेवरचे लोक तो पडद्यावर बघतात.

व्हिसा, मुक्काम, प्रवास

तिकीट आधी, बाकी नंतर. चांगले विभाग महिने-महिने आधी संपतात. भारतातून येणाऱ्यांना शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) व्हिसा लागतो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, शिवाय ३०,००० युरोचा प्रवासविमा. उन्हाळ्यात अर्जाची तारीख मिळणं हीच एक अडथळा शर्यत असते, त्यामुळं ऑगस्टच्या स्पर्धेसाठी एप्रिल-मेमध्येच हालचाल करा. झुरिकमधली हॉटेलं खिशाला चटका देतात. बाडेन किंवा विंटरथूरला राहा, रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत मुख्य स्टेशनला पोचता.

स्पर्धेच्या लेत्सिग्रुंड मैदानापाशी २ नंबरची ट्राम जाते, थांब्याचं नावच लेत्सिग्रुंड. मुख्य स्टेशनवरून ३ नंबरनं आलात तर आल्बिसरीडरप्लाट्सला उतरून चालत. स्पर्धेच्या दिवशी मी हार्डब्रुके स्टेशनला उतरून पायीच जातो, मुख्य स्टेशनपासून ते लोकलनं एकच स्टेशन. ट्राममध्ये उभं राहण्यापेक्षा बरं.

आदल्या रात्रीचा गृहपाठ

स्पर्धेच्या संकेतस्थळावर दोन कागद मिळतात : वेळापत्रक आणि खेळाडूंची यादी. दोन्ही छापून घ्या. फोनवर नको, मैदानात पंचवीस हजार लोक एकदम नेट वापरतात आणि ते रेंगाळतं.

वेळापत्रकात मैदानी प्रकार सुरू होण्याची वेळ असते, संपण्याची नसते. मी पेन्सिलीनं प्रत्येक मैदानी प्रकारापुढं तासभराची रेघ ओढतो आणि त्या रेघेवर कुठल्या शर्यती पडतात ते बघतो. मग त्यातला एकच मैदानी प्रकार आजचा 'आपला' म्हणून ठरवतो. बाकीचे येता-जाता बघायचे. सगळेच नीट बघायचा हट्ट धरलात तर एकही हाती लागत नाही.

यादीत नावापुढं दोन आकडे असतात, पीबी आणि एसबी. पीबी म्हणजे त्या खेळाडूची आजवरची सर्वोत्तम कामगिरी, एसबी म्हणजे या मोसमातली. सगळं मर्म या दोघांमधल्या अंतरात. एखाद्याचा पीबी ९०चा आणि एसबी ८२चा असेल तर तो दुखापतीतून उठलाय किंवा उतरणीला लागलाय. दोन्ही आकडे सारखे असतील तर तो आज धोकादायक आहे.

फळ्यावरची बाकीची अक्षरं पटकन सांगतो. एनआर राष्ट्रीय विक्रम, एमआर त्या स्पर्धेचा विक्रम, डब्ल्यूएल यंदाची जगातली सर्वोत्तम. डीएनएफ म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही, डीक्यू म्हणजे बाद, एनएम म्हणजे एकही वैध प्रयत्न नाही. उंच उडी आणि पोल व्हॉल्टमध्ये गोल म्हणजे पार, फुली म्हणजे पाडली, आडवी रेघ म्हणजे ती उंची सोडून दिली. लागोपाठ तीन फुल्या झाल्या की खेळाडू बाहेर.

पिशवीत काय

छोटी दुर्बीण, फक्त कमी वजनाची. ८ पट पुरते, त्याहून जास्त घेतली तर हात हलतो आणि काहीच दिसत नाही. जाकीट, कारण ऑगस्ट अखेरीला सूर्य गेला की झुरिकमध्ये गारठा पडतो आणि तुम्ही तीन तास बसून असता. पेन्सिल. आत काय न्यायला परवानगी आहे ते तिकिटासोबतच्या सूचनांत असतं, मोठ्या बॅगा आणि काचेच्या बाटल्या कुठंच चालत नाहीत. शहरात बाराशेच्या वर पाण्याची कारंजी आहेत आणि बहुतेक सगळ्यांचं पाणी पिण्याजोगं, तेव्हा पाणी विकत घेऊ नका. शाकाहारी असाल तर पोट भरून जा. आत ब्रेत्सेल आणि चिप्सवर भागवावं लागतं. मामांनी दशम्या नेल्या होत्या, दाराशी तपासणाऱ्या मुलीनं डबा उघडून वास घेतला, काहीतरी छान आहे असं म्हणाली आणि सोडलं.

लवकर पोचा

दीड तास आधी. टीव्हीवर दिसणारा कार्यक्रम सुरू होण्याआधीच काही मैदानी प्रकार निम्मे झालेले असतात, शिवाय सराव बघायला मिळतो. सराव हा तिकिटातला न छापलेला भाग. भालाफेकपटू धावपट्टीवर पावलं मोजत टेप चिकटवतात, परत येऊन ती चार बोटं मागं सरकवतात. अडथळ्याच्या शर्यतीतले पहिले दोनच अडथळे पुन्हा पुन्हा पार करतात. मामा तेवढ्यावरच खूश होते : "बघ, एवढा मोठा गडी, तरी टाच मोजतोय."

२०२५मध्ये झुरिकनं स्पर्धा दोन दिवसांची केली होती. आदल्या दिवशी, २७ ऑगस्टला, काही प्रकार तळ्याजवळच्या ऑपेरासमोरच्या झेक्सेलॉयटेन चौकात झाले. पोल व्हॉल्टही तिथंच. शहराच्या चौकात सहा मीटरवरून माणूस जाताना बघायचं तर मान मागं टाकावी लागते. असा जोडकार्यक्रम असेल तर चुकवू नका.

धावमार्गावर काय बघायचं

लहान शर्यतींत सुटण्याआधी पूर्ण शांतता असते, पंचवीस हजार लोक श्वास धरतात. ती शांतता टीव्हीवर येत नाही. बंदुकीनंतर ०.१०० सेकंदाच्या आत हालचाल झाली तर ती चुकीची सुरुवात धरतात आणि २०१०पासून पहिल्याच चुकीला खेळाडू बाहेर. म्हणून पंचानं लाल-काळं कार्ड दाखवलं की मैदान हळहळतं.

मामांनी स्टॉपवॉच काढलं ते २०० मीटरला. अमेरिकेचा नोआ लाइल्स आणि बोत्सवानाचा लेत्सिले तेबोगो. "आवाजावर दाबायचं नाही," त्यांनी मला शिकवलं, "धूर दिसला की दाबायचं. आवाज मागून येतो." शंभर मीटरवरून आवाज यायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात, हे त्यांना शाळेच्या मैदानावरून पाठ. पण हल्ली बंदूक इलेक्ट्रॉनिक असते, धूर येतच नाही, नुसता दिवा चमकतो. मामा जरा खट्टू झाले आणि दिव्यावर दाबलं. लाइल्स १९.७४, तेबोगो १९.७६. मामांच्या घड्याळात १९.६. "हातानं घेतलेल्या वेळेत ०.२४ मिळवायचे असतात," ते म्हणाले, बोटांवर हिशेब केला, १९.८४ आले. "अंगठा म्हातारा झाला."

२०० आणि ४०० मीटरमध्ये बाहेरच्या लेनचा खेळाडू पुढं दिसतो, कारण त्याला वळणाच्या लांबीची भरपाई म्हणून पुढून सोडलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका. वळण संपून सरळ रस्ता लागला की खरा क्रम उघडा पडतो. २०० मीटरपर्यंतच्या शर्यतींत फळ्यावर वेळेशेजारी वाऱ्याचा आकडाही येतो. तो पाठीमागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत.

मध्यम आणि लांब पल्ल्यात सुरुवातीला एक-दोन जण सुसाट पुढं जातात आणि अर्ध्या वाटेवर बाजूला होऊन थांबतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, बिचारा दमला. नाही, तो पेसमेकर, त्याला गती धरून देण्याचेच पैसे मिळतात. आतल्या कडेला पळत जाणारे दिवे दिसले तर तेही त्याचसाठी, ठरलेल्या वेळेच्या गतीनं ते पुढं सरकतात. धावणारा दिव्यांच्या पुढं की मागं, एवढं पाहिलं तरी विक्रम होणार का ते कळतं.

स्टीपलचेस असेल तर ती सोडू नका. मामांच्या माणची ललिता बाबर याच शर्यतीत रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पळाली होती, त्यामुळं आमच्या घरात हा विषय भावकीतलाच. २८ वेळा अडथळा, ७ वेळा पाणी. पाण्याच्या खड्ड्याच्या सरळीत दुर्बीण लावा. चांगला धावक अडथळ्यावर पाय देऊन लांब झेपावतो आणि उथळ कडेला एकच पाय भिजवतो. दमलेल्याचे दोन्ही पाय पाण्यात जातात. शर्यत कुणाच्या हातून सुटतेय ते शेवटच्या दोन फेऱ्यांत पाण्याच्या आवाजावरून कळतं.

आणि आता तो खालच्या रांगांचा अपवाद. झुरिकमध्ये मुख्य सरळ बाजूच्या पहिल्या रांगेतले लोक लांब शर्यतींत धावमार्गालगतच्या पाट्या दोन्ही हातांनी बडवतात. एका लयीत. प्रत्येक फेरीला घोळका जवळ आला की ताशाच्या कडकडाटासारखा आवाज उठतो, गेला की विरतो. १३ ऑगस्ट १९९७च्या संध्याकाळी जुन्या लेत्सिग्रुंडवर असे तीन विश्वविक्रम झाले होते : विल्सन किपकेटर ८०० मीटर १:४१.२४, हेले गेब्रसेलासी ५००० मीटर १२:४१.८६ आणि विल्सन बोइट किपकेटर स्टीपलचेस ७:५९.०८. आत्ताचं मैदान २००७मध्ये नवं बांधलेलं आहे, पाट्या बडवायची सवय मात्र तीच. कधीतरी एकदा भाला विसरून मी त्या रांगेचं तिकीट काढणार आहे.

आतल्या हिरवळीवर

भालाफेकीत पांढरा झेंडा वैध, लाल फाउल. फाउलची कारणं बहुधा तीनच : रेषा ओलांडली, भाल्याचं टोक आधी टेकलं नाही, किंवा भाला पट्ट्याबाहेर पडला. खेळाडूला फेक आवडली नाही तर तो मुद्दाम रेषेबाहेर पाऊल टाकतो, म्हणजे तो लाजिरवाणा आकडा नोंदला जात नाही. असं दिसलं तर हसू नका, तो हिशेब असतो.

हातात वही असेल तर सहा फेऱ्यांचा तक्ता आखा. २८ ऑगस्ट २०२५ला आमच्या वहीत वेबरच्या पहिल्या दोन घरांत ९१.३७ आणि ९१.५१ आले आणि पहिल्या क्रमांकाचा प्रश्न मिटला. अर्धं मैदान भाल्याकडं पाठ फिरवून शर्यती बघू लागलं. आमचं मात्र दुसऱ्या क्रमांकावर लक्ष होतं : त्रिनिदादचा केशॉर्न वॉलकॉट ८४.९५, नीरज ८४.३५ आणि नंतर फाउलमागून फाउल. शेवटच्या फेरीत नीरज धावत आला. भाला आमच्या समोरच पडला, पंचानं खूण रोवली आणि फळ्यावर आकडा यायच्या आधी मामांनी वहीत ८५ लिहून टाकलं होतं. ८५.०१. सहा सेंटिमीटरनी दुसरा. आजूबाजूच्या चाळीसेक लोकांपैकी आम्हीच दोघं उभं राहून ओरडत होतो. बाकीच्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं.

टाळ्या कधी, गप्प कधी

उडी मारणारा खेळाडू धावायच्या आधी दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या मागतो. तो देईल त्या लयीत सुरू करा आणि तो वेग वाढवेल तसा वाढवा. त्यानं मागितल्या नाहीत तर देऊ नका, काहींना शांतता हवी असते. शर्यत सुटायच्या क्षणी फोटोचा फ्लॅश बंद आणि शिट्ट्या बंद. उडीच्या टाळ्या चालू असताना शर्यतीसाठी 'ऑन युवर मार्क्स' आलं तर टाळ्या तिथंच तोडायच्या, खेळाडूही थांबतात. उठून जायचं असेल तर दोन शर्यतींच्या मधे. आणि खायला? आपला मैदानी प्रकार संपल्यावर. हे मी कुणाला सांगावं असा माझा अधिकार नाही, पण अनुभव आहे.

संपल्यावर

शेवटची शर्यत झाली की लोक ट्रामकडं पळतात. पळू नका. खेळाडू कठड्याच्या कडेनं हळूहळू फिरत सह्या देतात, विशेषतः मैदानी प्रकारांतले, त्यांना वेळ असतो. खाली उतरून कठड्यापाशी उभं राहा, पेन आपलं न्या, आणि सही टोपीवर घेणार असाल तर टोपी ताणून धरा, नाहीतर पेन चालत नाही. मामांनी वहीच पुढं केली. एका पोलिश उंच उडीवालीनं त्यांच्या भाल्याच्या तक्त्यावर, नीरजच्या पाचव्या फेरीतल्या फाउलच्या घरात सही केली आणि मामा हार्डब्रुकेपर्यंत चालताना त्या घरात आता काय लिहायचं याच विवंचनेत होते.